झऱ्याचं पाणी पाड्यापर्यंत: सव्वा लाखाच्या निधीच्या कामाची वही

आमचा पाडा जव्हार तालुक्यात आहे. घरं ४१, माणसं २०५. पावसाळ्यात डोंगरावरून इतकं पाणी कोसळतं की शेताचे बांध टिकत नाहीत, आणि होळी उलटली की त्याच डोंगराखाली बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या. मी पाड्याच्या पाणी समितीची सचिव. कामाच्या वेळी वहीत जे लिहीत गेले तेच इथे उतरवलं आहे. नावं काढली आहेत, आकडे जसेच्या तसे ठेवले आहेत. दुसऱ्या कुठल्या पाड्याने असं काम हाती घेतलं तर आमचे गेलेले दिवस त्यांचे तरी वाचावेत म्हणून.

१ डिसेंबर २०२४

एका संस्थेचे दोघे जण आले. पाड्याने स्वतः ठरवलेल्या कामाला १,२५,००० रुपयांपर्यंत मदत. अटी चार: ग्रामसभेचा ठराव, समितीचं वेगळं बँक खातं, १० टक्के लोकवर्गणी आणि श्रमदान. पैसे तीन हप्त्यांत, ५०, ४० आणि १० टक्के.

याआधी आम्ही पेसाच्या (आदिवासी भागातल्या ग्रामसभांच्या कायद्याच्या) अबंध निधीसाठी, म्हणजे गावाने स्वतः ठरवून खर्चायच्या पैशासाठी, ग्रामपंचायतीकडे गेलो होतो. हा निधी २०१५ पासून येतो, पण लोकसंख्येच्या हिशोबाने. ४१ घरांच्या पाड्याच्या वाट्याला येऊन येऊन किती येणार? शिवाय त्या वर्षाचा आराखडा आधीच झाला होता. भाऊसाहेबांनी, म्हणजे ग्रामसेवकांनी, सरळ सांगितलं, पुढच्या आराखड्यात टाकू. पुढचा उन्हाळा मात्र चार महिन्यांवर होता.

१५ डिसेंबर २०२४

काम कोणतं, यावर दोन बैठका गेल्या. पुरुषांचं म्हणणं समाजमंदिराला शेड, म्हणजे लग्नकार्याला सोय होईल. दुसऱ्या बैठकीच्या आधी आम्ही बायकांनी वेगळी बसून चर्चा केली. एका वहिनीने काही न बोलता ओढणी बाजूला करून डोक्यावरचा टाळूचा भाग दाखवला. चुंबळ ठेवून ठेवून तिथले केस गेलेत. त्या बैठकीत शेडचा विषय पुन्हा निघाला नाही.

मग प्रश्न आला, विहीर खोल करायची की वरच्या झऱ्याला कुंड बांधून पाणी खाली आणायचं. विहीर दर वर्षी एप्रिलमध्ये तळ दाखवते. झरा बारीक होतो, पण आटत नाही. पाड्यातली सगळ्यात म्हातारी आजी म्हणाली, "बहात्तरला पण तो आटला नव्हता." झरा पाड्याच्या वरच्या अंगाला आहे, म्हणजे मोटर नको, विजेचं बिल नको. झरा ठरला.

वर्गणी घरटी ४०० रुपये. ४१ घरांचे १६,४०० होतात. निधीच्या १० टक्क्यांना १२,५०० पुरतात, पण सगळे देतील असं धरून चालू नये म्हणून जास्त लावली. हा निर्णय पुढे कामी आला.

२६ जानेवारी २०२५

ग्रामसभा. आदल्या दिवशी महिला सभा झाली, त्यात विषय घेतला होता. ठराव एकमताने मंजूर. मी खूष होते.

३ फेब्रुवारी २०२५

ठराव बँकेने परत दिला. त्यात फक्त "पाड्यावरील पाणीपुरवठ्याचे काम करणे" एवढंच. खातं कोणाच्या नावे, सह्या कोणाच्या, पैसे कोण काढणार, काहीच नाही. चूक माझी. भाऊसाहेबांनी नेहमीसारखं लिहिलं आणि मी वाचून न बघता मान हलवली.

ठरावात काय हवं ते आता पाठ झालं आहे: कामाचं नाव आणि नेमकी जागा, अंदाजे रक्कम, निधी देणाऱ्याचं नाव, समितीच्या सगळ्या सदस्यांची नावं, खात्यावर सह्या करणाऱ्या दोघांची नावं आधारवर आहेत तशीच, आणि "दोघांच्या संयुक्त सहीने" हे शब्द. सूचक, अनुमोदक. खाली उपस्थितांच्या सह्या आणि अंगठे.

विशेष सभा बोलवायला हवी. पाड्यातली निम्मी घरं दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणकडे वीटभट्टीवर जगायला गेलेली. गणसंख्या भरेना, सभा तहकूब झाली आणि रविवारी, ९ तारखेला पुन्हा भरवली. दोन आठवडे गेले.

१३ फेब्रुवारी २०२५

खातं उघडलं. जव्हारला तीन फेऱ्या झाल्या. माझ्या आधारवर नवऱ्याचं नाव मधे आहे आणि पॅनवर वडिलांचं, त्यात एक फेरी. फोटो जुना म्हणून दुसरी. दर फेरीला दोघांची मजुरी बुडते, ते कुठल्याच बिलात येत नाही.

१८ फेब्रुवारी २०२५

झरा मोजला. दहा लिटरची बादली आणि मोबाईलचं घड्याळ. तीनदा भरली, मधला आकडा ६८ सेकंद. म्हणजे मिनिटाला पावणेनऊ लिटर. बादली जिथे धरली त्या दगडावर ऑइलपेंटने खूण केली, कारण दर वेळी वेगळ्या जागी धरली तर आकड्याला अर्थ राहत नाही.

संस्थेच्या जलतज्ज्ञ ताई बरोबर होत्या. आपल्याकडचा खडक थराथराचा बेसॉल्ट. वरच्या भेगाळ, सच्छिद्र थरात पावसाचं पाणी मुरतं, खाली घट्ट थर लागला की आडवं सरकतं आणि डोंगराच्या कुशीत जिथे थर उघडा पडतो तिथून बाहेर येतं. म्हणून झऱ्याला धक्का न लावता काम करायचं, सुरुंग नाहीच, पहारही जपून. हे त्यांनी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा का सांगितलं ते एप्रिलमध्ये कळलं.

२४ फेब्रुवारी २०२५

पहिला हप्ता ६२,५०० जमा. वर्गणी आतापर्यंत २४ घरांची, ९,६००.

२७ फेब्रुवारी २०२५

वाळूची पहिली ट्रॉली परत पाठवली. गवंडीदादांनी पाण्याच्या बाटलीत मूठभर वाळू टाकून हलवली आणि ठेवून दिली. अर्ध्या तासाने वर बोटभर गाळ बसला. असल्या वाळूत टाकी फुटणार. दुसरी ट्रॉली चांगली निघाली, पण पावती कच्ची, जीएसटी नंबर नाही. संस्थेला पक्कं बिल लागतं.

यातून एक शहाणपण आलं. पक्कं बिल मिळत नाही तो खर्च वर्गणीच्या पैशातून करायचा आणि निधीच्या पैशातून फक्त बिलाची खरेदी. दोन्हींची रोकडवही वेगळी. ट्रॅक्टरवाल्याला ५,००० च्या वर दिले तर व्हाउचरवर रेव्हेन्यू स्टॅम्प लावून सही. स्टॅम्पची पट्टी पर्समध्येच ठेवली होती.

१ मार्च २०२५

झऱ्यापासून टाकीच्या जागेपर्यंत लांबी ६४० मीटर. उंचीतला फरक मोबाईलच्या अॅपने ३१ मीटर दाखवला. गवंडीदादांना पटेना. पारदर्शक नळीत पाणी भरून, दोन काठ्या धरून, टप्प्याटप्प्याने मोजत खाली आलो. दीड दिवस लागला. खरा फरक १७ मीटर. १७ मध्ये भागतं, पण ३१ धरून टाकी आणखी वर चढवायचा आमचा विचार चालला होता. तसं केलं असतं तर पंचाईत होती.

३ मार्च २०२५

वरच्या अंगाला चर खणायला घेतला आणि वनरक्षक आले. जमीन वनखात्याची, काम थांबवा. ते नियमानेच बोलत होते. आम्हीच विचारलं नव्हतं, कारण त्या झऱ्याचं पाणी आमच्या आज्यापणज्यांपासून पितोय, परवानगी लागेल हे मनातच आलं नाही.

वनहक्क कायदा २००६ चं कलम ३(२) यासाठीच आहे. शाळा, अंगणवाडी, रस्ता, पिण्याच्या पाण्याची सोय, पाण्याची पाईपलाईन अशा १३ गावसोयींसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. आम्हाला एकही झाड तोडायचं नव्हतं. अर्ज, नकाशा, शिफारशीचा ठराव. पुन्हा सभा. हा ठराव २६ जानेवारीलाच सोबत करून घेतला असता तर? जंगलाला लागून असलेल्या पाड्यांनी पहिल्याच सभेत दोन्ही ठराव करावेत.

परवानगी २६ मार्चला हातात आली. २३ दिवस.

५ ते ११ मार्च २०२५

वर काम बंद, म्हणून टाकी आधी घेतली. ती पाड्याच्या जमिनीत. १०,००० लिटरची फेरोसिमेंट टाकी: सळईचा सांगाडा, त्यावर कोंबडीजाळी दोन्ही बाजूंनी बांधलेली, आणि आतबाहेर सिमेंट-वाळूच्या मसाल्याचा गिलावा. प्लास्टिकची टाकी दोन दिवसांत आली असती. पण तिला तडा गेला की फेकायची, हिला आपला गवंडी दुरुस्त करू शकतो. जाळी बांधायला बायका बसल्या, तार पिळायचं काम आमचे हात पुरुषांपेक्षा नीट करतात.

१८ मार्च २०२५

टाकीला केसासारख्या भेगा. तळ आणि भिंत जिथे मिळतात तिथे वीतभर लांब, आणखी दोन बारीक वरती.

कारण सगळ्यांना माहीत होतं. ११ ला गिलावा झाला, १३ ला होळी. भट्टीवरचे लोक सणाला घरी आले, ढोल, तारपा, रात्रभर नाच. १३, १४, १५ तीन दिवस टाकीला कोणी पाणी मारलं नाही. मार्चचं ऊन. दुसरी अडचणही लिहायला हवी: टाकीला रोज दोन-अडीचशे लिटर पाणी मारायचं, म्हणजे पंधरा हंडे. ते कोणी आणायचे? ज्या बायका पिण्याच्या पाण्यासाठी पहाटे चारला उठतात त्यांनीच सिमेंटलाही पाणी पाजायचं, हे आम्ही कामाच्या आराखड्यात कुठे धरलंच नव्हतं.

उपाय असा केला. भेगा छिन्नीने व्ही आकारात उघडल्या, सिमेंटची घट्ट लापशी वॉटरप्रूफ पावडर घालून भरली, आतून पूर्ण टाकीला एक हात. मग बाहेरून गोणपाट गुंडाळून ओलं ठेवलं, आत तळाला वीतभर पाणी. गोणपाटाने पाणी निम्म्यावर आलं. पाळी लावली, रोज दोन घरं, त्यात पुरुषांनीच हंडे आणायचे. चौदा दिवस एकही खाडा झाला नाही. खर्च ३,३५०.

२१ मार्च २०२५

दुसऱ्या हप्त्याची मागणी पाठवली. पहिल्यातले ८० टक्के खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र सोबत. मार्चअखेर मध्ये आली. पैसे ७ एप्रिलला जमा, ५०,०००. मागणी मार्चच्या पहिल्या आठवड्यात गेली पाहिजे, नाहीतर ती एप्रिलची समजावी.

२ एप्रिल २०२५

झऱ्याच्या कुंडाला सुरुवात. आजचा आकडा: बादलीला १०५ सेकंद.

१० एप्रिल २०२५

आज पाड्यात कोणी जेवलं नाही असं म्हटलं तरी चालेल.

कुंडाची पुढची भिंत ७ ला पूर्ण झाली होती. गवंडीदादांनी पाईपचं तोंड झऱ्याच्या डोळ्यापेक्षा, म्हणजे पाणी जिथून बाहेर येतं त्या जागेपेक्षा, दोन फूट वर ठेवलं, म्हणजे कुंडातच जास्त पाणी साठेल. मलाही ते पटलं होतं. काल संध्याकाळी कुंड अर्धं भरलं, पोरं बघायला जमली. आज सकाळी मी वर गेले तर पाणी होतं तिथेच थांबलेलं. वाट पाहिली. दुपारी ते खाली उतरलं. डोळ्यातून बुडबुडासुद्धा नाही.

एका मुलाने हाक मारली. आठ फुटांवर डाव्या हाताला करवंदीच्या जाळीखाली जमीन ओली झाली होती. हात घातला तर गार पाणी. झऱ्याने वाट बदलली होती.

ताईंना फोन लावला. त्या एवढंच म्हणाल्या, "आत्ता भिंत फोडा. उद्या नाही." साठलेल्या पाण्याचा दाब झऱ्यावर उलटा पडतो, आणि भेगांच्या खडकात पाण्याला दुसरी वाट शोधायला वेळ लागत नाही. जितके दिवस ते दुसरीकडून वाहील तितकी ती वाट मोठी होते. संध्याकाळी सहा ते रात्री साडेनऊ, बॅटरीच्या उजेडात आम्ही आमचीच भिंत फोडली. तीन दिवसांपूर्वी बांधलेली. गवंडीदादा पहिला घण घालताना काही बोलले नाहीत.

११ एप्रिल २०२५

सकाळी साडेसहाला डोळ्यातून पाणी. करवंदीखालची जमीन दुपारपर्यंत सुकली. मी तिथे बसून रडले, ते लिहून ठेवते.

१४ एप्रिल २०२५

कुंड नव्याने. या वेळी पाईपचं तोंड झऱ्याच्या डोळ्याच्या एक वीत खाली, जादा पाण्याचा पाईपही डोळ्याच्या खालीच. मागच्या बाजूला, जिथून पाणी येतं, तिथे सिमेंट अजिबात नाही, नुसते धुतलेले दगड रचून भरले. पुढची भिंत खाली घट्ट खडकापर्यंत नेली आणि तिच्या पायाला चिकणमाती कुटून बसवली. वरून झाकण आणि कुलूप, भोवती गुरं येऊ नयेत म्हणून काट्याचं कुंपण. साठवण टाकीत करायची, कुंडात नाही. या चुकीचा खर्च ४,७०० आणि चार दिवस.

१५ ते २२ एप्रिल २०२५

३२ मिमीचा एचडीपीई पाईप, १०० मीटरची ७ वेटोळी, मीटरला ४६ रुपये, एकूण ३२,२००. चर दीड फूट खोल, कारण उघडा पाईप वणव्यात वितळतो. सात दिवस, सकाळी सहा ते दहा. नंतर ऊन सोसवत नाही.

२३ ते २५ एप्रिल २०२५

वर पाईपला पाणी लावलं. टाकीत थेंब नाही. सगळे सांधे तपासले, कुठे गळती नाही. ३८० मीटरवर एक उंचवटा आहे, तो झऱ्यापेक्षा खालीच आहे म्हणून आम्ही पाईप त्याच्यावरून सरळ नेला होता. पाणी कमी आणि पाईप मोठा असला की उंचवट्यावर हवा अडकते आणि बुचासारखी बसते. गवंडीदादांनी तिथे पाईपला सुईएवढं भोक पाडलं. फुस्स करून हवा सुटली, मग थुंकल्यासारखं पाणी, मग धार. खालून पोरांचा आरडाओरडा ऐकू आला.

भोकाच्या जागी टी आकाराचा जोड बसवून उभ्या नळीवर छोटा व्हॉल्व्ह लावला. चावी फिरवली की हवा सुटते. १,८०० रुपये. चर खणतानाच उंचवटा दोन फूट खोल खणला असता तर हे पैसे वाचले असते.

२८ एप्रिल २०२५

बादली १७० सेकंद. मिनिटाला साडेतीन लिटर, दिवसाला ५,०४०. माणशी साडेचोवीस लिटर. जलजीवन मिशनचा हिशोब माणशी ५५ लिटरचा आहे, हे मी बैठकीत स्पष्ट सांगितलं. मे महिन्यात हे पाणी पिण्याचं आणि स्वयंपाकाचं. धुणं ओढ्यावरच.

६ मे २०२५

संध्याकाळी वादळ, वीज, पाऊस. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात असा पाऊस कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. खालचा ४० मीटर चर बुजवायचा राहिला होता, तो वाहून गेला. पाईप उचलला गेला, दोन सांधे सुटले. ताडपत्री उडून सिमेंटच्या तीन गोण्या दगड झाल्या, ११७० रुपये पाण्यात. "उद्या बुजवू" असं पाच तारखेला मीच म्हणाले होते.

११ मे २०२५

नळ सुरू. तीन जागी नळकोंडाळी. सकाळी सहा ते साडेसात, संध्याकाळी पाच ते सहा. घरटी सहा हंडे, बाकीचं पाणी शिल्लक, पाहुणा, आजारपण, बाळंतीण यांच्यासाठी. चावी आठवड्याला एका बाईकडे. पहिल्या दिवशी आजीने हंडा भरला आणि ओट्यावरच ठेवून त्याच्याकडे बघत बसली. उचलून घरी न्यायला फक्त चाळीस पावलं होती.

१५ मे २०२५

हाती पैसे नाहीत. शेवटचे १० टक्के काम संपल्यावरच मिळणार, पण नळाचं सामान आणि मजुरी आत्ता द्यायची. आमच्या बचत गटाने १२,००० दिले, महिना एक टक्का व्याजाने. हे व्याज निधीच्या खर्चात धरत नाहीत. छोट्या पाड्याकडे आधी घालायला पैसा कुठून येणार? ही अट मला चुकीची वाटते आणि मी ती संस्थेला लेखी कळवली.

२६ मे २०२५

मान्सून आला. मुंबईला नेहमी ११ जूनच्या सुमाराला पोचतो. जर काम आणखी दोन आठवडे लांबलं असतं तर चर पुढच्या वर्षावर गेला असता. ठरावाचे १४ दिवस आणि परवानगीचे २३, या दोनच गोष्टींनी आम्हाला कडेलोटावर आणलं होतं.

९ जून २०२५

पाणी गढूळ. एचटूएसची बाटली भरून ठेवली, दुसऱ्या दिवशी काळी. म्हणजे जंतू आहेत. कुंडाच्या वर अर्धचंद्रासारखा चर काढून वरचं वाहतं पाणी बाजूला वळवलं. टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर), हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे भरल्या टाकीला २५. आधी बादलीत कालवून, गाळ बसू देऊन, वरचं पाणी ओतायचं. अर्ध्या तासाने ओटीचा (क्लोरीन तपासायच्या औषधाचा) थेंब टाकून पिवळा रंग बघायचा. काही घरांनी वासाची तक्रार केली. त्यांना काळी बाटली दाखवली. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेतही नमुना दिला.

१० जुलै २०२५

हिशोब.

सिमेंट ४० गोण्या १५,६००. वाळू १६,५००. पाईप ३२,२००. सळई आणि जाळी १७,८००. गवंडी २४ दिवस १९,२००. नळ आणि जोडसामान ११,४००. ट्रॅक्टर ९,५००. दुरुस्त्या (टाकी, कुंड, हवेचा व्हॉल्व्ह) ९,८५०. प्रवास, झेरॉक्स, पाणी तपासणी ६,३४०. फलक २,२००. एकूण १,४०,५९०.

जमा: निधी १,२५,००० (शेवटचा हप्ता येणार असं धरून) आणि ३७ घरांची वर्गणी १४,८००. तूट ७९०.

श्रमदान: ३१ मार्चपर्यंत १४८ दिवस, रोजगार हमीच्या २९७ रुपये दराने ४३,९५६. १ एप्रिलपासून दर ३१२ झाला, त्याने ९२ दिवसांचे २८,७०४. मिळून ७२,६६०. सव्वा लाखाच्या कामात पाड्याने हाताने घातलेलं एवढं आहे, म्हणून रोजच्या रोज मस्टरवर सही घ्या. आमची पहिल्या आठवड्यातली हजेरी लिहायचीच राहिली, ती या आकड्यात नाही.

२ सप्टेंबर २०२५

उपयोगिता प्रमाणपत्र दोनदा परत. पहिल्यांदा कामाआधीचा फोटो नाही म्हणून. आमच्याकडे झऱ्याचे फोटो होते, पण वेगळ्या कोनातून, जिओ टॅग (फोटोवर जागेची नोंद) नसलेले. कुदळ मारण्याआधी चार जागांचे फोटो काढा, त्याच जागेवर उभं राहून काम चालू असताना, आणि झाल्यावर. दुसऱ्यांदा दोन बिलांवर समितीऐवजी माझं नाव होतं. दुकानदाराकडून बदलून आणली.

१४ ऑक्टोबर २०२५

शेवटचे १२,५०० जमा. बचत गटाचे १२,००० आणि पाच महिन्यांचं व्याज ६०० त्याच दिवशी फेडले.

वर्गणी न दिलेली चार घरं: दोन भट्टीवर होती, त्यांनी परत आल्यावर दिली. दोन घरं वरच्या टोकाची. त्यांचं म्हणणं, तिसरं नळकोंडाळं आम्हाला लांब पडतं. खरं होतं. जागा ठरवताना ती दोन्ही माणसं गावात नव्हती आणि आम्ही त्यांच्यासाठी थांबलो नाही. श्रमदानाने नळ तीस मीटर वर सरकवला, पाईपचा उरलेला तुकडा होताच. दोघांनी दुसऱ्या दिवशी पैसे आणून दिले. १,६०० आले, तूट आणि व्याज जाऊन २१० उरले. ते देखभालीच्या खात्यात. आता घरटी महिन्याला २० रुपये, वही नळाची चावी जिच्याकडे तिच्याकडे.

१८ फेब्रुवारी २०२६

खुणेच्या दगडावरून पाईप सोडवून त्याच बादलीने मोजलं. ६१ सेकंद, गेल्या वर्षी आजच्या दिवशी ६८. झऱ्याच्या वर आम्ही श्रमदानाने पाणी मुरवायला समतल चर काढले आहेत, पण गेल्या वर्षी पाऊस ऑक्टोबरपर्यंत लांबला होता, त्यामुळे श्रेय चरांना द्यायची घाई करत नाही. खरं काय ते एप्रिलअखेरच्या आकड्यावर कळेल. तो आकडा आठवीतल्या दोन मुली घेणार आहेत. आज त्यांनी बादली धरली, घड्याळ मी धरलं. पुढच्या वेळी घड्याळही त्यांच्याकडे.